स्थळं नकोत, बारीकसारीक सांगा

गोदाकाठची_आजी · सोमवार, दुपारी ३:१०

परदेशाहून आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. काय काय पाहिलं, आणि थंडी किती होती. मी २०२४च्या फेब्रुवारीत लेकीच्या बाळंतपणाला नेदरलँडला गेले होते, उत्रेख्त नावाच्या गावी. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यातले सत्तर दिवस घरातच गेले. पवनचक्की एकदाच दिसली, तीही रेल्वेच्या खिडकीतून, आणि नेमकी तेव्हाच नात ओली झाली म्हणून अर्धीच. आमच्या समोरच्या वहिनी दहा दिवसांत सात देश करून आल्यात. त्यांच्यापुढे मी गप्प बसते.

पण डोक्यात बारीकसारीक गोष्टींचं गाठोडं झालंय, ते कुठेतरी सोडायला हवं. तुम्हीही सोडा. टॉवर, धबधबे, बर्फ नको. ज्याचा फोटो काढायचं सुचलं नाही ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते.

पोचले त्या दिवशी पाहते तर लेकीचा पलंग चार ठोकळ्यांवर चढवलेला. माझ्या कमरेच्या वर. मला वाटलं खाली बॅगा सारायला जागा केली असेल. आपल्याकडे बाळंतिणीची बाज उंच असायची ती खाली शेगडी सरकवता यावी म्हणून, तर क्षणभर तेही मनात आलं. मग जावयांनी सांगितलं, हे त्या येणाऱ्या बाईंसाठी आहे. त्यांना वाकावं लागू नये, कंबर धरू नये, म्हणून पलंग उंच करायचा असा तिथला नियमच आहे. ठोकळे भाड्याने मिळतात.

त्या बाईच्या सेवेला क्रामझोर्ग म्हणतात. बाळ झालं की पुढचे आठ-दहा दिवस एक शिकलेली बाई रोज काही तास घरी येते. पैसे बरेचसे विम्यातून, तासामागे थोडे आपले. लेकीला सकाळी मुलगी झाली आणि संध्याकाळी ती घरी होती. मी हबकले. आपल्याकडे टाके ओले असताना कोणी पायरी उतरू देत नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली, पन्नाशीची धिप्पाड बाई सायकलवरून आलेली, पावसाने भिजलेली. आल्या आल्या हात धुतले, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि थेट संडास धुवायला घेतला. तेही तिच्या कामात बसतं म्हणे.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. मी सात हजार किलोमीटर कशाला आले मग? डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग सगळं घेऊन गेलेले. (तूप नेता येत नाही. दुधाचं काहीच युरोपात नेऊ देत नाहीत. तिथलं बिनमिठाचं लोणी कढवून घरी तूप केलं आणि सांगते, आपल्यापेक्षा रवाळ झालं.) पहिल्या दोन दिवसांत आमचं शीतयुद्ध. मी नातीला टोपडं घालायचे, ती काढायची. ती बाळाच्या गादीत गरम पाण्याचा पत्र्याचा डबा ठेवायची, मी तो भाजेल म्हणून बाहेर. तिसऱ्या दिवशी मी तव्यावर ओवा-वावडिंगाची धुरी केली आणि छताला चिकटवलेली ती धूर ओळखणारी चकती किंचाळायला लागली. २०२२ पासून तिथे प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर ती सक्तीची आहे. शेजारचे आजोबा सपाता घालून दारात. बाई शांतपणे स्टुलावर चढली, बटण दाबलं, खाली उतरली आणि धुरीकडे नाक नेऊन म्हणाली, "अनीस?"

अनीस म्हणजे बडीशेपेच्या जातीतलं काहीतरी. मग तिने एक डबा उघडून दाखवला. तिथे मूल झालं की पाहुण्यांना गोल टोस्ट देतात, वर लोणी, आणि त्यावर साखरेत घोळवलेले ते दाणे. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. राजघराण्यात मूल झालं की केशरी. त्या दाण्यांना ते 'उंदीर' म्हणतात, छोटी शेपटी असते म्हणून. आणि ते का खायचे? आईला दूध यावं म्हणून! मी माझी बाळंतशेपेची पुडी तिच्यासमोर ठेवली. दोघींनी दोन्ही चावून पाहिलं. त्या दिवसापासून टोपडं डोक्यावर राहिलं.

आणखी एक. बाळाचं वजन ती काट्यावर करत नसे. एका फडक्यात बाळ गुंडाळायचं, फडक्याची टोकं हाताच्या लटकत्या ताणकाट्याला अडकवायची आणि उचलायचं. पूर्वी रविवार कारंजावर कैऱ्या तोलायचे तसं. मला इतकं हसू फुटलं की लेक रागावली. बाळ मात्र झोपलेलं.

शेवटच्या दिवशी ती येताना लेकीसाठी द्राक्षांची पेटी घेऊन आली. तो प्लॅस्टिकचा अर्धा किलोचा डबा. मी सवयीने आधी देठ पाहिला. माहेर पिंपळगाव बसवंतचं, भावाची बाग आहे, देठ हिरवा की सुकलेला हे मला कोणी शिकवावं लागत नाही. हिरवा होता. मग डबा उलटा केला. खाली लिहिलेलं, देश: इंडिया. मण्यावरची ती पांढरट झाकसुद्धा पुसली गेली नव्हती. मी त्या बाईला छातीवर हात मारून सांगितलं, "माय ब्रदर! माय ब्रदर!" तिला वाटलं माझा भाऊ त्या दुकानात कामाला आहे. लेकीने मामाला दाखवायला फोटो काढला.

दुपारी तिने पलंग खाली घेतला, ठोकळे दाराशी रचले आणि गेली. संध्याकाळी मी लेकीला पेज द्यायला गेले तर सवयीने हात उंच गेला, आणि खाली काहीच नाही.

तुमचं सांगा.

---

म्हसरूळकर · सोमवार, दुपारी ३:४२

आजी, सायकलवरून बाळंतपण करायला येणारी बाई हे चित्र डोक्यातून जात नाहीये. वाचतोय.

---

निफाडचा_बागाईतदार · सोमवार, रात्री ९:०५

ताई, ती 'पेटी' नाही, त्याला आम्ही पनेट म्हणतो. अर्ध्या किलोचे दहा पनेट एका खोक्यात, वरून ग्रेप गार्डचा कागद, म्हणजे गंधकाचा पॅड, बुरशी येऊ नये म्हणून. पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंग होतं, मग कंटेनर न्हावाशेव्याला. तुम्ही म्हणता त्या २०२४च्या हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते. सगळा माल आफ्रिकेला वळसा घालून गेला. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत रॉटरडॅमला लागायचं, ते पार महिन्याच्या वर गेलं. तरी देठ हिरवा होता म्हणताय? मग ज्याची कोणाची बाग होती त्याने काम चोख केलंय. देठ हिरवा ठेवणं हे आमच्याकडे पोरीचं लग्न लावण्याइतकं अवघड आहे.

मी परदेशात गेलेलो नाही. माझा पासपोर्टसुद्धा नाही. माझी द्राक्षं कितीतरी वर्षं जातायत आणि मी न्हावाशेव्यापर्यंतसुद्धा फक्त एकदाच गेलो, तेही २०१० साली. त्या वर्षी आपल्या मालात क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला होता. आम्ही त्याला सीसीसी म्हणायचो. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला, काडीत घड धरायला मारायचो, सगळेच मारायचे. कोणी सांगितलंच नव्हतं की ते वेलीत इतकं राहतं. तेव्हापासून जे काही शिकलो ते त्या तडाख्याने शिकलो. असो, तो विषय नाही.

विषय आहे बारीकसारीक. तर माझं उलटं आहे. परदेश माझ्याकडे आला होता. हॉलंडचा एक खरेदीदार बाग बघायला आला. साडेसहा फुटाचा गडी, मांडवाखाली वाकूनच चालत होता. आमच्याकडे तेव्हा विरळणी चालू होती, पेठ-सुरगाण्याच्या बायका घडातले मणी कात्रीने काढत होत्या. त्याने एका बाईकडे कात्री मागितली. म्हणाला, मी करतो. तिने एक घड त्याच्या हातात दाखवला, कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा. त्याने तीन मणी नीट काढले आणि चौथ्याला अख्खा घडच कापला. घड जमिनीवर. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तो लालबुंद झाला. खिशातून पाकीट काढून त्या घडाचे पैसे मला द्यायला लागला. मी नको म्हटलं. तर त्याने तो घड उचलला, धुतला, आणि कच्चा आंबट तसाच खात खात पुढची अख्खी बाग फिरला. तोंड वाकडं न करता.

पनेटला काय किंमत होती हो ताई?

---

गोदाकाठची_आजी · सोमवार, रात्री ९:३१

भाऊ, २ युरो ४९ सेंट. मी चिठ्ठीवर पाहिली होती. म्हणजे तेव्हाचे सव्वादोनशे रुपये झाले.

---

निफाडचा_बागाईतदार · सोमवार, रात्री ९:३८

अर्ध्या किलोचे. बरं.

मला त्या हंगामात किलोला ८५ मिळाले होते. भाडं, वळसा, त्यांचा खर्च, सगळं मला कळतं. नुसतं विचारलं.

---

सातपूरचं_कारलं · मंगळवार, सकाळी ७:५०

हा धागा आता 'परदेशी बाई किती छान, त्यांचा पलंग किती उंच' असा होणार हे मला दिसतंय, म्हणून थोडं मीठ टाकतो. मी सातपूरच्या एका कारखान्यातून मशीनच्या ट्रेनिंगला आइंडहोव्हनला तीन महिने होतो. स्टेशनवर लघवीला पैसे. हॉटेलात पाणी मागितलं की बाटली आणि बिल. दुपारी जेवण म्हणजे थंड ब्रेड, त्यावर चीज, शेजारी ग्लासभर दूध, आणि हे मोठे बाप्ये लोक आनंदाने खातात. सकाळी ब्रेडवर लोणी आणि चॉकलेटचा भुगा. लहान मुलं नव्हे, मॅनेजर. मी पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरलो. सोबत नेलेला नाशिकचा चिवडा दहा दिवसांत संपला, मग रडू आलं.

आणि वाढदिवसाला गेलात तर खुर्च्या गोलात मांडलेल्या. प्रत्येकाला जाऊन हात मिळवायचा आणि 'अभिनंदन' म्हणायचं. ज्याचा वाढदिवस त्याला नव्हे, सगळ्यांना! त्याच्या सासूला, मेहुण्याला, शेजाऱ्याला. अभिनंदन कशाचं? तुमच्या जावयाचा वाढदिवस आहे म्हणून. केकचा एकच तुकडा. दुसरा कोणी विचारत नाही.

तर सगळंच भारावून जाण्यासारखं नसतं.

---

रुमालवाली · मंगळवार, सकाळी १०:१५

कारलंदादा, बरोबर आहे, पण माझी आठवण भारावण्याची नाही, ओळख पटण्याची आहे.

सिंगापूरला नणंदेकडे गेले होते. तिथे ती खाण्याची मोठी मोठी हॉकर सेंटर असतात, आपल्या मेनरोडच्या गर्दीची दहा पट. दुपारी एक वाजता बसायला जागा नाही. आणि मी पाहते तर प्रत्येक रिकाम्या टेबलावर एक टिश्यूचं पाकीट पडलेलं. आसपास कोणी नाही. पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. लोक जाऊन रांगेत उभे राहतात, दहा मिनिटांनी ताटली घेऊन येतात, टेबल जसंच्या तसं. ह्याला ते 'चोप' करणं म्हणतात.

मी सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, वाढलेली मुलगी. त्र्यंबकच्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं, चालत्या गाडीत टाकायचे. माझे डोळे भरून आले म्हटलं तर हसाल. मी पर्समधून माझा रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला. नणंद म्हणाली वहिनी, रुमाल नको, कोणीतरी विसरलेला समजून काउंटरवर जमा करतील. खरंच केला. परत आणायला गेले तर तिथल्या मावशींनी घडी करून ठेवलेला.

फरक एकच. आपल्याकडे रुमालावर कोणीतरी बसलेलं असतं आणि मग भांडण. त्याशिवाय प्रवास सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

---

म्हसरूळकर · मंगळवार, सकाळी १०:२२

चालत्या गाडीत रुमाल 😂 ताई, तुम्ही माझी जागा घेतली असणार १९९८ च्या आसपास.

---

प्रेसवाला_नाशिकरोड · मंगळवार, सायंकाळी ६:४०

नमस्कार. मी नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त. इथले बरेच जण आमच्या भोंग्यावर घड्याळ लावत मोठे झाले असतील. १९२५ पासूनचं हे आवार, माझे वडीलही तिथेच होते. सवय अशी की कुठल्याही देशात गेलो की आधी नोट उजेडाकडे धरतो आणि उठावाच्या छपाईवरून अंगठा फिरवतो. सौ. म्हणतात, लोक तुम्हाला बनावट नोटवाला समजतील. झालंही आहे एकदा, पण ते राहू द्या.

मुलगा रॉटरडॅमला असतो. आजींनी नेदरलँड काढलंच आहे तर माझं तिथलंच सांगतो.

युरोच्या नोटा पाहिल्या असतील तर त्यांवर पूल असतात. पाचच्या नोटेवर जुना रोमन धाटणीचा, दहावर कमानींचा, असं करत करत पाचशेवर आधुनिक. त्या नोटांचं चित्र रॉबर्ट कालिना नावाच्या ऑस्ट्रियन कलाकाराने काढलं, आणि मुद्दाम एकही पूल खरा ठेवला नाही. खरा ठेवला तर तो कुठल्या तरी एका देशाचा होणार आणि बाकीचे रुसणार. चलनाच्या धंद्यात हे आम्हाला लगेच कळतं. आमच्या २० च्या नोटेवर वेरूळ आहे, ५० वर हंपी, १०० वर राणी की वाव. एकाच देशातल्या जागा, तरी पत्रं येतात की आमचं का नाही.

तर रॉटरडॅमजवळ स्पायकेनिस नावाचं एक गाव आहे. त्या लोकांनी काय केलं? नोटांवरचे ते सातही काल्पनिक पूल खरेच बांधून टाकले. नव्या वसाहतीभोवती कालवा आहे, त्यावर. काँक्रीटला रंग देऊन, नोटेच्याच रंगात. पाचचा राखाडी, दहाचा लाल, वीसचा निळा, पन्नासचा केशरी. २०१३ पर्यंत सातही झाले. आकाराने छोटे, पायी आणि सायकलने जाण्याइतके.

मुलगा म्हणाला बाबा, तिकडे काही नाही, एक साधी वसाहत आहे. मी म्हटलं चल. पाऊस होता. मी दहाची नोट काढून हात लांब करून पुलाशी जुळवत होतो, जुळेना. कमान थोडी इकडे, कठडा तिकडे. तेवढ्यात कुत्रं घेऊन चाललेले एक गृहस्थ थांबले. साधारण माझ्याच वयाचे. काही विचारलं नाही. माझ्या खांद्याला धरून मला चार पावलं डावीकडे सरकवलं, मग अर्धं पाऊल मागे, मग माझा हात थोडा खाली केला. आणि नोट पुलावर बसली. अशी बसली की छपाईत दोन रंगांचं रजिस्टर जुळतं तशी, केसाचाही फरक नाही.

ते "या", म्हणजे 'हो', एवढंच म्हणाले आणि कुत्रं घेऊन गेले. म्हणजे त्यांचं हे नेहमीचंच असणार. मी किती लोकांतला कितवा होतो देव जाणे.

जाता जाता आणखी एक. त्यांची युरोआधीची गिल्डरची नोट ज्या ओक्सेनार नावाच्या कलाकाराने काढली, त्याने हजाराच्या नोटेवर स्पिनोझाच्या केसांत स्वतःच्या बोटाचा ठसा लपवला होता. आमच्याकडे साधा पेनाचा ठिपका चुकीच्या जागी पडला तर अख्खा कागद बाद, आणि वर चौकशी.

---

सातपूरचं_कारलं · मंगळवार, रात्री ८:१२

प्रेसकाका, हे मात्र भारी आहे. हात धरून सरकवलं. वा.

---

गंगेवरचा · मंगळवार, रात्री ११:०३

थोडक्यात लिहितो, उद्या लवकर उठायचंय.

मॉरिशस. तिथे एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात तळं आहे. १९७२ साली त्यात गंगेचं पाणी आणून ओतलं आणि नाव गंगा तलाव. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, आमच्या नाशिकलाही गंगाच म्हणतात, असते गोदावरी. रामकुंडावर जायचं असेल तरी "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो. तो मराठी निघाला. म्हणजे पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्यांचा. घरी घेऊन गेला. त्याच्या आईने गणपतीची आरती अख्खी म्हटली, एक अक्षर इकडेतिकडे नाही, चाल आपली. मी भारावून (कारलंदादा, माफ करा) मराठीत बोलायला लागलो तर ती नुसती हसत राहिली. तिला तेवढंच येत होतं. पाणी हवंय का, हे मुलाला क्रिओलमध्ये सांगून त्याच्याकडून विचारलं.

आणि मी काय केलं? पाणी नको म्हणालो. अजून चुटपुट लागते, प्यायला हवं होतं.

---

रुमालवाली · बुधवार, सकाळी ९:००

अरे देवा. प्यायला हवं होतं रे.

---

सातपूरचं_कारलं · बुधवार, दुपारी १:३०

बरं, सगळे एवढं लिहितायत तर एक सांगूनच टाकतो. काल झोपताना आठवलं.

ज्या घरी मी त्या वाढदिवसाला गेलो होतो, केकच्या एका तुकड्याचं घर, तिथे संडासात एक कॅलेंडर टांगलेलं होतं. तिकडे घरोघरी असतं. वार नाहीत, वर्ष नाही, नुसत्या तारखा आणि त्यापुढे घरच्यांची, मित्रांची नावं. बसल्या बसल्या दिसावं की कोणाचा वाढदिवस जवळ आलाय. मी वेळ काढायला वाचत होतो. सप्टेंबरात खाली पेन्सिलीने माझं नाव. स्पेलिंग चुकलेलं. मी कधी तारीख सांगितली नव्हती. नंतर लक्षात आलं, पहिल्या दिवशी कार्यालयातला कसला तरी फॉर्म भरताना त्या घरचा यजमान शेजारी उभा होता.

बारा वर्षं झाली. दर सप्टेंबरात त्याचा मेसेज येतो, स्पेलिंग तेच चुकीचं. म्हणजे कॅलेंडर अजून तेच टांगलेलं आहे.

ब्रेडबद्दलचं मत कायम आहे.

---

गोदाकाठची_आजी · बुधवार, सायंकाळी ५:२०

कारलंदादा, हे आधी लिहायचं ना! आणि तुमचं स्पेलिंग दुरुस्त करून पाठवू नका त्याला.

प्रेसभाऊ, माझे सासरे तुमच्याच आवारात होते. आमच्या घरातही नोट आधी उजेडाकडे जायची आणि मग पाकिटात.

कोणी विचारलं नाही तरी सांगते, नात आता पळते. टोपडं घालत नाही.

---

निफाडचा_बागाईतदार · बुधवार, रात्री ८:४५

ताई, दोन दिवस डोक्यात एकच घोळतंय म्हणून लिहितो. त्या पनेटच्या लेबलवर जीजीएन म्हणून तेरा आकडी नंबर असतो. तो इंटरनेटवर टाकला की माल कोणाकडून आला ते कळतं. दर वेळी थेट शेतकऱ्यापर्यंत जात नाही, गटाचा किंवा निर्यातदाराचाही असू शकतो. पण निदान पॅकहाऊस कुठलं, पिंपळगाव की मोहाडी की आमच्या इकडचं, एवढा अंदाज येतो. तुमच्या लेकीने फोटो काढलाय म्हणालात. बघा ना सापडला तर.

आमच्या गटातल्या कोणाचा तरी असावा असं उगाच वाटतंय. २०२४ला आमचा माल तिकडेच गेला होता आणि देठाची काळजी आम्हीच तेवढी घेतो, असं आम्हाला वाटतं.

---

गोदाकाठची_आजी · गुरुवार, सकाळी ११:१०

सापडला! लेकीने आत्ता पाठवला. इथे डकवतेय, मला नंबर वाचता येत नाही, चष्मा लावूनही. तुम्हीच बघा भाऊ.

[छायाचित्र]

---

म्हसरूळकर · गुरुवार, सकाळी ११:२४

मोठं करून पाहिलं. सुरुवातीचे नऊ आकडे स्पष्ट आहेत. पुढे दिसत नाही.

---

निफाडचा_बागाईतदार · गुरुवार, दुपारी १२:०२

शेवटचे चार आकडे नेमके तुमच्या अंगठ्याखाली आहेत ताई.

---

गोदाकाठची_आजी · गुरुवार, दुपारी १२:०५

अंगठा माझा नाही हो भाऊ. तो त्या बाईचा आहे. डबा तिनेच धरला होता.